दोन केळी, 442 रुपये 50 पैसे: या बातमीवरून इंग्रजी शब्द कसे शिकवावेत?

तेरणाकाठ

धाराशिव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी अभ्यासिका आहे. मराठी माध्यमातून शिकलेली सोळा मुलंमुली, तयारी बँकेची आणि संयुक्त परीक्षेची. काळ, प्रयोग, डायरेक्ट-इनडायरेक्ट सगळं तोंडपाठ. घोडं पेंड खातं ते शब्दांपाशी. म्हणून आठवड्याला एक इंग्रजी बातमी घ्यायची ठरवलंय. पहिली मुद्दाम खाण्याच्या महागाईची निवडली, कारण विषय समजावत बसावं लागत नाही.

बातमी जुलै 2019ची आहे. अभिनेते राहुल बोस यांना चंदीगडच्या एका पंचतारांकित हॉटेलात दोन केळ्यांचं बिल 442 रुपये 50 पैसे आलं. त्यांनी बिल दाखवत व्हिडिओ टाकला, देशभर बोभाटा झाला, आणि पुढं कर खात्यानं हॉटेलला 25 हजारांचा दंड केला.

बातमीचा मजकूर साधारण 280 शब्दांचा. मुलं त्यातून चाळीसेक शब्द काढतात, समोर मराठी अर्थ लिहितात, वही भरते. आठ दिवसांनी विचारलं तर सहा-सात आठवतात आणि तेही वाक्यात घालता येत नाहीत. 'एक्झॉर्बिटंट' वहीत आहे, पण लिहायला सांगितलं की सगळे 'कॉस्टली'च लिहायलेत.

एका बातमीतून किती शब्द घ्यावेत आणि सोडावेत कोणते? महाग या अर्थाचे सात-आठ शब्द एकमेकांपासून वेगळे कसे दाखवावेत? आणि हे विसरणं थांबवायचं कसं? इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिलेत, म्हणजे उच्चार चुकत असेल तर तोही कळेल.


गंजगोलाई

ताई, दुखणं तुमच्या आकड्यांतच दिसतंय. 280 शब्दांत 40 अनोळखी म्हणजे दर सातव्या शब्दाला खड्डा. अशा रस्त्यावर गाडी चालत नसते. शब्दसंग्रहावर आयुष्यभर काम केलेले न्यूझीलंडचे भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांचा ठोकताळा असा की मजकुरातले 98 टक्के शब्द ओळखीचे असतील तर तो कुणाच्या मदतीशिवाय नीट समजतो. म्हणजे शंभरात दोन अनोळखी. शिक्षक शेजारी उभा असेल तर शंभरात पाच-सहापर्यंत ओढता येतं. त्यापुढं वाचन उरत नाही, नुसती शोधाशोध होते.

म्हणून बातमी कापा. मथळा आणि पहिले तीन-चार परिच्छेद, 120 ते 130 शब्द, एवढंच फळ्यावर किंवा झेरॉक्सवर. इंग्रजी बातमीत महत्त्वाचं सगळं वरच असतं, खाली पार्श्वभूमी आणि प्रतिक्रिया, त्यामुळं कापल्यानं काही बिघडत नाही. त्यातून शिकवायचे शब्द आठ, नववा नको.

निवडायची चाळणी सोपी आहे. हा शब्द पुढच्या महिन्यात कांद्याच्या, एसटी भाड्याच्या किंवा वीजबिलाच्या बातमीत पुन्हा भेटेल का? चार्ज, बिल (क्रियापद म्हणून), फाइन, लेव्ही (कर लावणे), एग्झेम्प्ट (सूट असलेला), शेल आउट (नाइलाजानं पैसे मोजणे), आउटरेज (संताप), ओव्हरप्राइस्ड, हे भेटणारच. 'प्लॅटर' भेटणार नाही. थाळ म्हणा नि पुढं चला.

आता मथळा. यावर पंधरा मिनिटं घालवा, वाया जाणार नाहीत. फळ्यावर लिहा: 'हॉटेल फाइन्ड रुपीज 25,000 फॉर चार्जिंग जीएसटी ऑन बनानाज'. विचारा, दंड कोणी कोणाला केला? निम्मा वर्ग सांगेल की हॉटेलनं केला. मुलांना फाइन्ड हे साध्या भूतकाळाचं रूप वाटतं. इथं मधला 'वॉज' गळलाय: हॉटेल वॉज फाइन्ड, म्हणजे हॉटेलला दंड झाला. इंग्रजी मथळ्यांत घडून गेलेली गोष्टही बहुधा साध्या वर्तमानकाळात लिहितात. हॉटेलनं पाहुण्याला दंड केला असता तर मथळा 'हॉटेल फाइन्स गेस्ट' असा आला असता. त्यामुळं मथळ्यात ईडी लागलेलं रूप दिसलं की आधी कर्मणी समजायचं, मग खात्री करायची. 'टू' आणि क्रियापद दिसलं तर भविष्य: 'रेल्वेज टू कट वॉटर प्राइसेस', म्हणजे करणार आहेत. कट, हिट, पुट यांचं रूप बदलत नाही, तिथं मात्र अख्खा मथळा वाचल्याशिवाय बोलू नये.

आठांतला वजनदार गडी 'चार्ज'. तो एकटा शिकवला की घात होतो, कारण त्याचा अर्थ पुढच्या शब्दयोगीवर फिरतो. 'द हॉटेल चार्ज्ड हिम 442 रुपीज फॉर टू बनानाज' म्हणजे पैसे आकारले. 'द मॅनेजर वॉज चार्ज्ड विथ चीटिंग' म्हणजे फसवणुकीचा आरोप ठेवला. फॉर आला की गल्ला, विथ आला की पोलीस. 'इन चार्ज ऑफ' म्हणजे जबाबदारी असलेला. 'फ्री ऑफ चार्ज' म्हणजे फुकट. चारही वाक्यं वहीत एकाखाली एक हवीत.

वहीत 'लेव्ही = आकारणे' असं लिहूच देऊ नका. 'लेव्ही अ टॅक्स ऑन समथिंग' असं अख्खं लिहायचं. 'एग्झेम्प्ट फ्रॉम टॅक्स'. 'शेल आउट 442 रुपीज फॉर समथिंग'. शब्द एकटा राहत नाही, गोतावळ्यासकट राहतो. मुलं 'टॅक्स टू बनाना' आणि 'एग्झेम्प्ट ऑफ' लिहितात याचं कारण एवढंच की वहीत गोतावळा नव्हता.

तासाचा क्रम: मथळा झाला की मजकूर एकदा डिक्शनरीशिवाय, दोन मिनिटांत. दुसऱ्यांदा पेन्सिलनं अडलेले शब्द अधोरेखित करून आजूबाजूच्या वाक्यावरून अंदाज, आणि तो अंदाज लिहून ठेवायचा. मग डिक्शनरी, फक्त आठ शब्दांसाठी. शेवटची दहा मिनिटं कागद पालथा घालून, फळ्यावरच्या आठ शब्दांच्या आधारानं बातमी तोंडी सांगायची. शब्द डोक्यात बसतात ते या दहा मिनिटांत, आणि घंटा वाजायला आली म्हणून लोक नेमकी हीच गाळतात.


जुना मोंढा

महागच्या शब्दांबद्दल. अर्थ सगळ्यांचा एकच सांगितला तर मुलं सोपा तेवढा उचलणार, त्यांचा काय दोष? फरक दाखवायचा तो तापमानाचा आणि बोलणारा कोण याचा.

'एक्स्पेन्सिव्ह' थंड आहे. सोनं एक्स्पेन्सिव्ह असतं, त्यात तक्रार नाही. 'कॉस्टली'ही चालतं, पण त्याला नुकसानीचा वास येतो. 'अ कॉस्टली मिस्टेक' म्हणजे महागात पडलेली चूक. 'प्रायसी' हे बोलण्यातलं, जरा हळूच म्हटल्यासारखं. 'स्टीप' म्हणजे मुळात उभा चढ. भाव चढा असतो हे मराठीतही आहेच, त्यामुळं हा लगेच बसतो. 'ओव्हरप्राइस्ड'मध्ये पहिल्यांदा तक्रार येते: वस्तूची लायकी एवढी नाही आणि किंमत एवढी. विमान एक्स्पेन्सिव्ह असतं, विमानतळावरचा चहा ओव्हरप्राइस्ड.

त्याच्या वर 'एक्झॉर्बिटंट'. याचा उच्चार इग्झॉर्बिटंट, जोर 'झॉर'वर. स्पेलिंगमध्ये एक्सनंतर एच घुसवू नका, ही फार होणारी चूक आहे. लॅटिनमध्ये 'ऑर्बिटा' म्हणजे गाडीच्या चाकानं पडलेली वाट आणि 'एक्स' म्हणजे बाहेर. आपली चाकोरी तीच! एक्झॉर्बिटंट म्हणजे अक्षरशः चाकोरीबाहेर गेलेला भाव. बैलगाडीची चाकोरी माहीत असलेल्या मुलांना हा शब्द पुन्हा पाठ करावा लागत नाही. मराठी जोड: अव्वाच्या सव्वा.

'एक्स्टॉर्शनट' त्याहून कडक. शेवटी 'नेट' नाही, 'नट'. मुळाशी 'पिळणं' आहे, आणि 'एक्स्टॉर्शन' म्हणजे खंडणी हे पेपर वाचणाऱ्याला सांगायला नको. पण 'एक्स्टॉर्शनट प्राइस' म्हटल्यानं गुन्हा घडला असं होत नाही. खंडणी घ्यावी तसा भाव, इतकंच.

मग येतात चहाच्या टपरीवर बोलायचे. 'रिप-ऑफ' नाम म्हणून जोडरेघेसह: 'इट्स अ रिप-ऑफ'. क्रियापद म्हणून सुटं, आणि सर्वनाम मधे: 'दे रिप्ड मी ऑफ'. 'रिप्ड ऑफ मी' चूक. 'डेलाइट रॉबरी' म्हणजे दिवसाढवळ्या दरोडा, इथं भाषांतराचीही गरज नाही. 'फ्लीस' म्हणजे मेंढीची लोकर आणि क्रियापद म्हणून ती कातरून घेणं, गिऱ्हाईकाला भादरणं. 'टूरिस्ट्स वर फ्लीस्ड' हे वाक्य वेरूळच्या पायथ्याशी गाडी लावणाऱ्या कुणालाही कळेल.

निबंधात किंवा पत्रात रिप-ऑफ लिहू नये, एक्झॉर्बिटंट लिहावं. मित्राशी बोलताना उलट. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीच्या डिक्शनऱ्यांत, ऑक्सफर्ड लर्नर्स, केंब्रिज, लाँगमन, शब्दाशेजारी इन्फॉर्मल, फॉर्मल अशी लेबलं असतात. इंग्रजी-मराठी ॲपमध्ये ती बहुधा नसतात, म्हणून ॲपवर वाढलेली मुलं अर्जात 'डेलाइट रॉबरी' लिहून मोकळी होतात.

दोन सापळे. पहिला: 'प्राइस इज एक्स्पेन्सिव्ह' चूक. वस्तू एक्स्पेन्सिव्ह, किंमत हाय. तसंच वस्तू चीप, किंमत लो. आणि चीपला हलक्या दर्जाचाही अर्थ आहे, म्हणून कुणाच्या घरच्या साडीला चीप म्हणू नये. दुसरा: 'पे थ्रू द नोज' म्हणजे नाइलाजानं भरमसाट पैसे देणं. नाक दिसलं म्हणून मुलं 'नाकानं कांदे सोलणे'कडे पळतात. त्याचा इथं काही संबंध नाही. जवळचं काही असेल तर 'नाक मुठीत धरून'.

जाता जाता: आपल्याकडं मोंढ्यात सोयाबीनचा 'रेट' विचारतात, तेच मुलं लिहितात. भारतीय इंग्रजीत ते खपतं, पण परीक्षेच्या इंग्रजीत वस्तूला प्राइस आणि रेट हा हिशेबाच्या मापाला: इंटरेस्ट रेट, रूम रेट, तासाचा रेट.


बालाघाट

वरचं सगळं पटलं, पण या बातमीतला खरा धडा राहिला. दंड केळी महाग विकल्याबद्दल झालेला नाही. बिल पाहा: 'फ्रूट प्लॅटर' 375 रुपये, त्यावर सीजीएसटी, म्हणजे केंद्राचा जीएसटी, 9 टक्के म्हणजे 33.75 आणि चंदीगड केंद्रशासित असल्यामुळं यूटीजीएसटी तेवढाच 33.75. बेरीज 442.50. ताजी फळं करमुक्त, तरी कर घेतला, असं खात्याचं म्हणणं; दंड त्यासाठी. हॉटेलांच्या संघटनेनं उलट बाजू मांडली की हॉटेलात केळं विकलं जात नाही, खोलीपर्यंत आणून देण्याची सेवा विकली जाते आणि सेवेला 18 टक्के लागतोच.

म्हणजे 375 हा आकडा 'ओव्हरप्राइस्ड', आणि खात्याच्या मते वरचे 67.50 'ओव्हरचार्ज्ड'. हे दोन शब्द वर्गात अदलाबदलीनं वापरले जातात, आणि तिथं इंग्रजीच काय, वाक्यातली माहितीच खोटी होते. ओव्हरप्राइस्ड हे मत आहे. त्याला वस्तू लागते: ओव्हरप्राइस्ड टी. ओव्हरचार्ज हा आरोप आहे. त्याला सहसा माणूस लागतो: 'द स्टॉल ओव्हरचार्ज्ड द पॅसेंजर्स'. ठरल्यापेक्षा किंवा छापल्यापेक्षा जास्त घेतले तर ओव्हरचार्ज. मेन्यूवर 300 रुपये लिहिलेला चहा 300ला दिला तर तो कितीही टोचला तरी ओव्हरचार्ज नाही.

एमआरपीचंही तसंच. छापील किमतीपेक्षा जास्त घेणं दुकानदाराला चालत नाही, पण 12 डिसेंबर 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की हॉटेल-रेस्टॉरंटात बसवून दिलेल्या पाण्याच्या बाटलीला ते बंधन लागू नाही, कारण तिथं नुसती विक्री नसते, सेवाही असते. स्टॉलवर वीसची बाटली तीसला दिली तर ओव्हरचार्जिंग. रेस्टॉरंटच्या टेबलावर तीच बाटली साठला दिली तर ओव्हरप्राइस्ड.

'सर्व्हिस चार्ज' आणि 'सर्व्हिस टॅक्स' हा आणखी एक गोंधळ. सर्व्हिस टॅक्स सरकारचा होता, 1 जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हा संपला. सर्व्हिस चार्ज हॉटेल स्वतःसाठी लावतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै 2022 मध्ये सांगितलं की तो बिलात आपोआप टाकता येणार नाही. दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च 2025 मध्ये ते कायम ठेवलं. या एका बातमीत 'मँडेटरी', 'व्हॉलंटरी', 'बाय डिफॉल्ट', 'वेव्ह' हे चार कामाचे शब्द मिळतात. यातला वेव्ह म्हणजे माफ करणं, स्पेलिंगमध्ये आय असलेला. हात हलवण्याच्या वेव्हशी उच्चार सारखा म्हणून डिक्टेशनला हमखास चुकतो.

पत्रकार आरोप स्वतःच्या अंगावर घेत नाहीत, त्याचेही शब्द याच बातम्यांत शिकवा: 'अलेजेडली', 'क्लेम्ड'. 'ही सेड' आणि 'ही क्लेम्ड' यांत फरक आहे. दुसऱ्यात पत्रकार हात झटकून बाजूला उभा असतो. मराठीत आपण 'कथित' लिहितो तेच.


वाळूज नाका

इतक्या खोलात कशाला? पेपरात चार पर्याय असतात, समानार्थी शब्दांची यादी पाठ केली की काम होतं. शंभर शब्दांची पीडीएफ मिळते.


गंजगोलाई

वाळूजकर, थेट सिनॉनिम विचारला तर होतं. क्लोझ टेस्टला, म्हणजे गाळलेल्या जागा भरायच्या प्रश्नाला, होत नाही. हे करून पाहा: 'द हॉटेल डॅश हिम 442 रुपीज फॉर टू बनानाज'. पर्याय: कॉस्ट, चार्ज्ड, लेव्हीड, प्राइस्ड. यादीत चौघांपुढं 'किंमत', 'आकारणे' असंच काहीतरी लिहिलेलं असणार. उत्तर अर्थानं मिळत नाही, घडणीनं मिळतं. कॉस्टचा कर्ता वस्तू असतो, दुकानदार नव्हे: 'द बनानाज कॉस्ट हिम 442 रुपीज'. भूतकाळीही कॉस्टच, 'कॉस्टेड' लिहिलं की एरर स्पॉटिंगचा मार्क गेला. लेव्हीला कर लागतो आणि ऑन लागतो. प्राइस्डला वस्तू आणि ॲट: 'प्राइस्ड ॲट 375'. माणूस आणि रक्कम दोन्ही पोटात घेणारा आणि कर्ता म्हणून हॉटेल चालणारा एकच, चार्ज्ड.


तेरणाकाठ

ओव्हरप्राइस्ड-ओव्हरचार्ज्डचा फरक आमच्याही तासात निसटला होता; बालाघाट सर, तो बिलाचा हिशेबच फळ्यावर मांडते. आता विसरण्याचं सांगा कुणीतरी. आणि दुसऱ्या आठवड्याला याच विषयाची बातमी घ्यावी की विषय बदलावा?


पूर्णा जंक्शन

विषय बदलू नका, निदान तीन आठवडे. एकाच विषयाच्या तीन बातम्या घेतल्या की तेच शब्द आपोआप पुन्हा भेटतात. दुसऱ्या आठवड्याला उलट्या अंगाची घ्या: डिसेंबर 2024 मध्ये कोलकाता विमानतळावर 'उडान यात्री कॅफे' सुरू झाला, चहा 10 रुपये, समोसा 20. त्यातून 'अफोर्डेबल', 'रीझनेबल', 'नॉमिनल' येतात. नॉमिनल म्हणजे नाममात्र, नॉर्मल नव्हे. हे फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा. तिसऱ्या आठवड्याला पाण्याच्या बाटलीची घ्या, ती शेवटी सांगतो.

विसरण्याला उपाय कार्डांचा. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद कापून 5 बाय 8 सेंटिमीटरचे तुकडे करा, फुकटात होतं. पुढच्या बाजूला एकटा शब्द लिहायचा नाही, जागा सोडलेलं वाक्य लिहायचं: 'फ्रेश फ्रूट इज डॅश फ्रॉम जीएसटी', खाली मराठीत इशारा 'सूट आहे'. मागं 'एग्झेम्प्ट', उच्चार आणि एक स्वतःचं वाक्य. स्वतःचं म्हणजे गावातलं. डिक्शनरीतलं उतरवलं तर कार्ड मेलं समजा.

डबे चार. नवं कार्ड पहिल्या डब्यात, तो रोज. आलं की दुसऱ्यात, तो दर तीन दिवसांनी. तिसरा आठवड्याला, चौथा महिन्याला. चुकलं की कुठल्याही डब्यातून थेट पहिल्यात. याला लाइटनर पद्धत म्हणतात, मोबाइलवरचं अँकी हे ॲप याच विचाराची पुढची पायरी. ॲपला नाही म्हणत नाही, पण लिहून केलेल्या कार्डाला स्पेलिंगचा फायदा जास्त. आठवड्याला आठ शब्द म्हणजे रोजचा वेळ दहा मिनिटांच्या आत राहतो. चाळीस घेतले की तिसऱ्या आठवड्यात पहिला डबा ओसंडतो आणि पोरं डबेच माळ्यावर टाकतात. पद्धत मोडते ती इथंच, आळसानं नव्हे.

डबा उघडला की आधी उत्तर मोठ्यानं म्हणायचं, मग उलटायचं. नुसतं पाहून 'हां, माहितीय' म्हणणं ही स्वतःची फसवणूक. ओळखणं वेगळं, आठवणं वेगळं.

उच्चाराच्या चार गोष्टी: रिसीटमध्ये पी लिहायचा, म्हणायचा नाही. लेव्ही, लीव्ही नाही. ताई, तुम्ही 'एक्झॉर्बिटंट' लिहिलंय. सुरुवात 'इग्झ' अशी करा, एग्झेम्प्टचीही तशीच, इग्झेम्प्ट. आणि 'मेनू' नाही, मेन्यू.

शब्दांचे अर्थही इथल्या सवयीनं घसरतात. आपण टपरीलाही हॉटेल म्हणतो, म्हणून बातमीत 'हॉटेल' आलं की डोळ्यांपुढं भजी येतात. इंग्रजीत ते राहण्याचं ठिकाण, नुसतं खाण्याचं ते रेस्टॉरंट. आपण 'पार्सल' म्हणतो ते ब्रिटिश इंग्रजीत टेकअवे, अमेरिकेत 'टू गो'. तिकडं बिलालाही चेक म्हणतात.

आता पाण्याची बाटली. 22 सप्टेंबर 2025 पासून रेलनीरची, म्हणजे रेल्वेच्या बाटलीबंद पाण्याची, एक लिटरची बाटली 15 वरून 14 रुपयांना आणि अर्ध्या लिटरची 10 वरून 9 रुपयांना झाली. यावर 'फ्रॉम, टू, बाय' पक्के होतात: 'द प्राइस वॉज कट फ्रॉम 15 रुपीज टू 14', 'द प्राइस वॉज कट बाय वन रुपी'. बाय म्हणजे कितीनं, टू म्हणजे कितीवर आली. 'कट टू वन रुपी' लिहिलं तर बाटली एक रुपयाला देऊन बसलात. याच जागी 'अ वन-लिटर बॉटल', 'अ टेन-रुपी नोट' घ्या. विशेषण झालं की अनेकवचनाचा एस पडतो, 'टेन-रुपीज नोट' चूक. आणि 'डबल ऑफ द एमआरपी' नव्हे, 'डबल द एमआरपी'.

मग लिखाण. पूर्णा किंवा परळी स्टेशनवर बाटलीचे 20 घेतले असं धरून रेल मदत या रेल्वेच्या तक्रार पोर्टलवर टाकायची तक्रार, साठ शब्दांच्या आत. गाडी क्रमांक, डबा, बर्थ, स्टेशन, वेळ आधी. मग तीन वाक्यं. 'द व्हेंडर चार्ज्ड मी 20 रुपीज फॉर अ वन-लिटर बॉटल ऑफ रेलनीर, द एमआरपी ऑफ विच इज 14. ही रिफ्यूज्ड टू गिव्ह मी अ बिल. प्लीज टेक ॲक्शन अँड रिफंड द एक्सेस अमाउंट.'

इथं काय चुकणार ते आताच सांगतो. पहिल्या वाक्यात 'टुक 20 रुपीज फ्रॉम मी' येईल. चूक नाही, पण हिसकावून घेतल्यासारखं वाचलं जातं. दुसऱ्यात 'डिनाइड टू गिव्ह बिल' येईल. देणं नाकारलं तर रिफ्यूज, केलेला आरोप नाकारला तर डिनाय. व्हेंडरनं बिल द्यायला रिफ्यूज केलं, आणि चौकशीत जास्त पैसे घेतल्याचं डिनाय केलं. तिसऱ्यात 'काइंडली डू द नीडफुल' येईल. वाचणाऱ्यानं नीडफुल काय ते स्वतः ठरवायचं का? हवं ते लिहायचं: सहा रुपये परत. 'ओव्हरचार्जिंग' हा शब्द विषयाच्या ओळीत टाका, 'ओव्हरप्राइसिंग' नको. रेल्वेनं बाटली 14लाच लावलीय, जास्त घेतले ते विक्रेत्यानं.

हीच तक्रार नंतर जोडीजोडीनं तोंडी घ्या, एकजण 139 या रेल्वे हेल्पलाइनवरचा माणूस, एकजण प्रवासी. तोंडी घेताना 'सर, ही इज टेकिंग एक्स्ट्रा' असं निघेल. तेवढं चालू द्या, पहिल्या वेळेला थांबवू नका. दुसऱ्या फेरीत मात्र चार्ज्ड आणि फॉर आल्याशिवाय समोरच्यानं तक्रार नोंदवायची नाही.